चार सेलांच्या भरवशावर

पेण व रोहा तालुक्यांतील तमाम नागरिकांस, तसेच मधल्या सर्व स्टेशनांवर ताटकळणाऱ्या प्रवाशांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, या मुलखात पहिला डिजिटल कॅमेरा आणण्याचा मान प्रस्तुत लेखकाकडे जातो. हा दावा मी कुठे तपासून घेतलेला नाही. कुणी तपासायला निघालाच, तर त्याला चहा पाजून अर्ध्या वाटेवरून परत पाठवण्याची माझी तयारी आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी रोह्याच्या एका कंपनीत केमिस्ट होतो, बिनलग्नाचा होतो आणि जवळच वरशाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. अशा माणसाच्या हाती दिवाळीचा बोनस पडला की जे होतं तेच झालं. मुंबईच्या दुकानदाराने सांगितलं, यात सगळ्यात स्वस्त हाच. त्याचं म्हणणं किती खरं होतं ते मला पुढे दर आठवड्याला नव्याने कळत गेलं.

साबणाच्या डबीएवढा राखाडी डबा. मागे पडदा नाही, फ्लॅश नाही. वर नखाएवढी खिडकी आणि तिच्यात एकच आकडा: किती फोटो झाले. आठ झाले की पोट भरलं. फोटो कसा आलाय हे बघायचं, तर वायरीने कॉम्प्युटरला जोडायचा. बटण दाबलं की हा आधी क्षणभर विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. तेवढ्यात हसणारा माणूस गंभीर झालेला असे आणि मांजर शेजारच्या आळीत पोचलेलं असे. लोक तो हातात घेऊन उलटासुलटा करत आणि एकच प्रश्न विचारत, की रोल कुठून घालायचा. रोल नसतोच म्हटलं की माझ्याकडे अशा नजरेने बघत, जशी मुलाने इंजिनियरिंग सोडून नाटकात जायचं ठरवल्यावर बाप बघतो.

त्याचा खरा दुर्गुण मात्र वेगळाच होता. फोटो राहायचे ते चार पेन्सिल सेलांच्या जिवावर. सेल संपले किंवा कुणी काढले, की आतलं सगळं पुसलं जायचं. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेली होती आणि मी ती वाचलीही, पण एका सहकाऱ्याच्या मुलीच्या बारशाचे आठच्या आठ फोटो घालवल्यानंतर. तो सहकारी अजून दिवाळीच्या शुभेच्छा देताना आधी क्षणभर थांबतो, थेट त्या कॅमेऱ्यासारखा.

माझ्या भिंतीला भिंत लागून काकींचं घर होतं. काकी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. आमच्याकडे त्या लोकांना शनिवार पाळणारे म्हणूनच ओळखत. त्यांची बाकीची घरं एकेक करून इस्रायलला निघून गेली होती. वरशात काकींचं एकच राहिलं होतं. काका जाऊन आठ वर्षं झालेली. भिंतीवर त्यांचा फोटो होता. त्यात ते खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून एका अंगाला कललेले. काकी तो फोटो पुसताना दर वेळी फ्रेम सरळ करायच्या, पण आतला माणूस कललेला तो कललेलाच.

त्यांचा एकुलता एक मुलगा तिकडे नोकरीला होता आणि त्याचं लग्न ठरलं होतं. काकींचं विमानाचं तिकीट आलं होतं, बॅग भरून झाली होती, आणि निघायला दहा दिवस उरले असताना त्या मागीलदारी वालाच्या शेंगा तोडताना घसरल्या. पाय गुडघ्यापासून प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी प्रवासाचं नावही काढू दिलं नाही. काकी रडल्या नाहीत. त्यांनी भरलेली बॅग पलंगाखाली सरकवली आणि मला सांगितलं की शेंगा तरी घेऊन जा, नासतील.

गुरुवारी घरमालकांच्या फोनवर मुलाचा फोन आला. लग्न रविवारी संध्याकाळी. आई नाही तर नाही, पण मांडवात पहिल्या ओळीत आईची खुर्ची ठेवायची आणि तिच्यावर आईचा फोटो, असं त्याने ठरवलं होतं. जुना फोटो नको, आत्ताचा हवा. पोस्टाने जायला पंधरा दिवस लागतील, पण त्याच्या मित्राच्या ऑफिसात ई-मेल होता. शनिवारी रात्रीपर्यंत फोटो आला, तर रविवारी सकाळी मोठा करून छापता येणार होता. हे सगळं बोलणं काकींनी मला ऐकवलं आणि मग माझ्याकडे नुसतं बघितलं. मी छाती पुढे काढून म्हणालो की ज्याच्यासाठी हा जन्माला आला तो दिवस आला. म्हणजे कॅमेरा. कदाचित मीही.

काकींची अट एकच होती.

"उद्या काढ. शुक्रवारचा दिवस बुडून माझा दिवा लागला, की मग नाय. शनिवारी माझा फोटो कोणी काढायचा नाय."

त्यांचा पाळायचा शनिवार शुक्रवारी दिवे लागले की सुरू व्हायचा. तो सुटेपर्यंत दुसऱ्या दिवशीचा अंधार पडणार आणि अंधारात माझ्या यंत्राला काळ्या चौकोनापलीकडे काही दिसत नसे. कॉम्प्युटर होता पेणला, एका सरांच्या क्लासमध्ये. कॅमेऱ्याची सीडी तिथेच चढवलेली होती. रविवारी क्लास बंद आणि सर सासुरवाडीला. थोडक्यात, फोटो निघायचा तो शुक्रवारीच.

शुक्रवारी सकाळी काकी अंगणात खुर्चीवर बसल्या. मोतिया रंगाची साडी, प्लास्टरवर पदर पसरलेला, आणि उजव्या हाताला मेंदी. तिकडे मुलाच्या बोटाला मेंदी लागेल तेव्हा इथेही हात कोरा नको, म्हणून आदल्या दिवशीच लावून घेतलेली. मी बटण दाबलं. आकडा एक झाला. रजा टाकून मी रोह्याहून पेणची गाडी पकडली.

गाडीत मी कॅमेरा मांडीवर धरून बसलो होतो, दर पाच मिनिटांनी आकडा बघत. समोरच्या गृहस्थांनी नागोठण्यापर्यंत संयम ठेवला. मग विचारलं, रोल कुठून घालतात. मी समजावून सांगायला लागलो. मला समजावून सांगायला आवडतं. ही माझी खोड कंपनीत प्रसिद्ध होती. डब्यातले सात-आठ जण भोवती जमले. मी फोटोचे ठिपके कसे होतात, ठिपक्यांचे आकडे कसे होतात, हे हातवारे करून दाखवत होतो. एक बाई म्हणाली की पेण गेलं. मी म्हटलं, जाऊ द्या, आधी हे ऐका. आणि मग मला ऐकू आलं ती काय म्हणाली ते.

पेणच्या पुढे जित्याला उतरलो. तिथून टेम्पो मिळेपर्यंत तास गेला. पेणला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि क्लासच्या जिन्यात सर खाली उतरताना भेटले. दुरुस्तीसाठी लाइट गेली होती. नुकतीच, अर्ध्या तासापूर्वी. साडेतीनला येणार. मी वेळेवर उतरलो असतो, तर एव्हाना फोटो इस्रायलला पोचलाही असता. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, तरी सरांनी सांगितलं.

क्लासच्या खाली एक फोटो स्टुडिओ होता. मालक पन्नाशीचे, सफारी सूट, भांग तेलाने चापून बसवलेला. पेणमधल्या दोन पिढ्यांनी त्यांच्या सांगण्यावरून हनुवटी खाली घेतली होती. त्यांनी मला आत बोलावलं, हकिगत ऐकली, काकींसाठी हळहळले. मी सकाळपासून उपाशी होतो. ते म्हणाले की जेवून या, कॅमेरा इथे ठेवा, कॅमेरे सांभाळण्यातच माझं आयुष्य गेलंय. मी तो काउंटरवर ठेवला आणि दारातून वळून बजावलं की काही झालं तरी उघडू नका. ते हसले. मूर्तिकाराला कुणी माती म्हणजे काय हे शिकवावं, तसं हसले.

जेवून परत आलो तेव्हा कॅमेरा जिथे ठेवला होता तिथेच होता, फक्त खाली मखमलीचा तुकडा आला होता. मालक मात्र बदलले होते. चहा मागवला, माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला, माझ्या आईवडिलांची चौकशी केली. मला वाटलं, काकींच्या गोष्टीने माणूस हलला.

साडेतीनला पंखा फिरला. सर आले, आम्ही वर गेलो, मालकही मागोमाग. वायर जोडली. कॉम्प्युटरने बराच वेळ घेतला आणि पडद्यावर लिहिलं: आत शून्य फोटो.

सरांनी वायर काढून पुन्हा लावली. शून्य. मी कॅमेऱ्याची खिडकी पाहिली. सकाळपासून जपलेला एक तिथे नव्हता. त्या बावळट मखमलीने माझं लक्ष चुकवलं होतं. मी वळलो, तर मालक रुमालाने मान पुसत होते. ते अतिशय मायेने म्हणाले,

"दोन तास विचार करतोय, तुम्हाला सांगू कसं. भाऊ, तुम्ही रोलच घातला नव्हता हो."

झालं होतं असं. मी जेवायला गेल्यावर त्यांच्या मनात आलं की लाइट नाही म्हणून बसून काय राहायचं, फिल्म धुवायला लाइट लागते कुठे. वरचं काम वर करतील. आपण निदान फिल्म धुऊन, वाळवून तयार ठेवू. मी उघडू नका म्हटलं होतं, पण ते उजेडात, हे कुणाही समजदार माणसाला कळतंच. म्हणून ते डार्करूममध्ये गेले, दाराच्या फटीला काळं कापड लावलं, सगळ्या खबरदाऱ्या घेतल्या आणि काळोखात चाचपडून कॅमेऱ्याचं एकुलतं एक झाकण उघडलं. हाताला चार सेल लागले. ते काढून पुढे बोटं घातली, तर रोल नाही. त्यांनी सेल जसेच्या तसे परत बसवले आणि बाहेर येऊन या तरुण माणसाची कीव करत बसले.

"एक कण उजेड आत जाऊ दिला नाय," ते म्हणाले. ते खरंच होतं. इतक्या काळजीने माझं नुकसान आजवर कुणी केलेलं नाही.

सरांनी त्यांना सेलांचं प्रकरण समजावलं. मालकांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पाणी पडत जाणाऱ्या रंगासारखा तो आधी फिका झाला, मग उतरलाच. त्यांनी घड्याळ पाहिलं. चारला दहा कमी होते. दिवस सहाच्या सुमारास बुडणार. रोह्याची गाडी त्या वेळेला नव्हती आणि एसटीचा भरवसा नव्हता. ते खाली गेले, स्टुडिओचं शटर ओढलं आणि स्कूटर बाहेर काढली. लग्नाच्या मोसमात शुक्रवारी दुपारी चारला पेणच्या त्या स्टुडिओचं शटर खाली येताना बघून समोरचा पानवाला उभा राहिला.

वडखळला थांबून त्यांनी आठ नवे सेल घेतले. चार आत घालायला आणि चार जादा. जादा सेल घालायला आधीचे काढावे लागतील आणि काढले की सगळं जाईल, हे मी त्यांना समजावून सांगणार होतो. पण त्या दिवशी एकदा समजावून झालं होतं.

कॅमेरा मी शर्टाच्या आत धरला होता. मालक स्कूटर ज्या वेगाने चालवत होते त्या वेगाची त्यांना स्वतःलाच सवय नसावी, कारण प्रत्येक वळणावर ते काहीतरी पुटपुटत. नागोठण्याला पोचलो आणि तिथल्या कारखान्याच्या बसगाड्या सुटल्या. जनरल शिफ्ट. एकामागून एक बस, मध्ये ट्रक, आणि आमच्यापुढे गवताची बैलगाडी. इंजिन तापू नये म्हणून मालकांनी स्कूटर बंद केली. उन्हाचा रंग बदलताना मी कधी इतक्या बारकाईने बघितलेला नाही. आधी ते भिंतीवरून उतरलं, मग बैलाच्या पाठीवरून. पाच वाजून गेले. मालक म्हणाले की त्यांचीही आई आहे. एवढंच म्हणाले. मग स्कूटर चालू केली आणि रस्त्याच्या कडेने, खड्ड्यातून, लोकांच्या शिव्या घेत पुढे काढली.

वरशाला पोचलो तेव्हा अंगणात पश्चिमेकडचा थोडा उजेड उरला होता. काकींनी साडी बदलली नव्हती; शुक्रवार होता, ती तशीही राहायचीच. आत मेजावर दिवे मांडून ठेवले होते, पेटवायचे बाकी. मी जे घडलं ते एका दमात सांगून टाकलं. काकींनी मालकांकडे नखशिखान्त पाहिलं. धुळीने केस उभे, सफारी मळलेली, पण त्यांनी खिशातून कंगवा काढून भांग पुन्हा पाडला.

"अंधारात उघडलात?" काकींनी विचारलं.

मालकांनी कंगवा खिशात ठेवला.

काकी म्हणाल्या, "मग उचला खुर्ची. दिवस काय तुमच्यासाठी थांबणार नाय."

शेजारणीने आणि आम्ही दोघांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं, तोंड पश्चिमेकडे. मी जवळ जाऊन पहिला फोटो घेतला. मालक म्हणाले की मागे सरा, असा नाही येणार. मी मागे सरलो. ते पुढे झाले. त्यांनी काकींना हनुवटी बोटभर खाली करायला सांगितली, पदर नीट करायला सांगितला, मेंदीचा हात मांडीवर उताणा ठेवायला सांगितला. मग खुर्चीमागे ताठ उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे आता मी बाजूला होतो आणि तुम्ही काढा. काकी त्यांच्या त्या थाटाला हसल्या. ते हसू निसटू नये म्हणून मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने त्याच्या रीतीप्रमाणे विचार केला. आकडा दोन झाला. तेवढ्यात काकींनी हात वर केला: पुरे. त्यांना आत नेलं. दाराच्या चौकटीवरच्या, आत प्रार्थनेचा कागद असलेल्या डबीला त्यांनी जाता जाता बोट लावून ओठांना लावलं, आणि आम्ही चपला घालत होतो तोवर आत दिवे लागले.

शनिवारी सकाळी मी पेणला पेणलाच उतरलो. वर क्लासमध्ये सर, मी आणि मागे मालक. पडद्यावर लिहून आलं: दोन. मालकांनी डोळे मिटले.

त्या कॉम्प्युटरवर फोटो एकदम येत नसे, वरून खाली ओळीओळीने उतरे. पहिल्या फोटोची सुरुवातच हसऱ्या ओठांनी झाली. डोळे, कपाळ, डोकं सगळं चौकटीबाहेर. जवळून काढला की हा कॅमेरा माणसाला वरून छाटतो, हे मला माहीत असायला हवं होतं. राहिला दुसरा.

वरून कौलं उतरली. मग दाराची चौकट. मग केस. काळे, भांग पाडलेले. काकींचे केस पांढरे होते. आम्ही तिघेही पडद्याकडे वाकलो. केसांखाली कपाळ आलं, भुवया आल्या, आणि मालकांचा हात आपसूक स्वतःच्या केसांकडे गेला. त्यांनी स्वतःला भांगावरून ओळखलं होतं.

मग सफारीची कॉलर, खिसा, खिशातला कंगवा. आणि त्यांच्या पुढ्यात, खूप सावकाश, काकी. पांढरे केस, हसरे डोळे, मोतिया साडी, मांडीवर उताणा मेंदीचा हात. इतका सुंदर फोटो माझ्या हातून पुन्हा निघाला नाही. आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, छाती काढून, नवरदेवाच्या बापासारखा मागे उभा असलेला पेणचा फोटोग्राफर.

मला कापा, मालक म्हणाले. सरांनी कापून बघितलं. माणूस गेला, पण खुर्चीच्या पाठीवर काकींच्या खांद्याशी चार बोटं उरली, कुणाचीच नसलेली. ते जास्त भयंकर दिसत होतं. खांदा कापला तर काकी अर्ध्या होत होत्या. तिकडे रिकाम्या खुर्चीवर काहीच न ठेवण्यापेक्षा हे बरं, असं मी म्हणालो. विधवा आईच्या शेजारी अनोळखी पुरुष, आणि तो फोटो मोठा करून मांडवात पहिल्या ओळीत ठेवायचा. मी पत्त्याची अक्षरं दाबली. दोनदा लाइन तुटली. तिसऱ्यांदा गेला.

संध्याकाळी काकींना सांगितलं की फोटो छान आलाय, पोचला असेल. बाकीचं सांगायचं धाडस झालं नाही. रविवारभर मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेलो.

सोमवारी सकाळी स्टुडिओ बंद असतो. मालक पोह्यांचे पापड घेऊन वरशाला हजर. तेही झोपले नव्हते. आम्ही दोघं काकींच्या ओटीवर कसं सांगावं ते ठरवत बसलो असतानाच घरमालकांकडे फोन वाजला. लांब वायर खिडकीतून काकींपर्यंत आणली. मुलगा समुद्रापलीकडून बोलत असल्यासारखाच ओरडत होता, त्यामुळे सगळं आम्हाला ऐकू येत होतं. लग्न नीट झालं. फोटो पहिल्या ओळीत होता. सुनेने त्याच्या पाया पडून घेतलं. काकींनी डोळ्यांना पदर लावला. मग तो म्हणाला,

"आई, पण इथं सगळे विचारतायत. तुझ्या मागं तो सफारीवाला कोण उभा हाय? काय सांगू मी लोकांना?"

काकींनी रिसीव्हर जरा दूर धरला. माझ्याकडे बघितलं. मग मालकांकडे. ते पापडाचं पुडकं हातात घेऊन उभे राहिले होते, सवयीने ताठ. मग काकींची नजर भिंतीवरच्या काकांकडे गेली, खुर्चीला रेललेल्या, एका अंगाला कललेल्या. काकींनी रिसीव्हर पुन्हा कानाशी नेला आणि म्हणाल्या,

"फोटो काढणारा हाय तो, सांग त्यांना. तुझा बाप असता, तर एवढा सरळ उभा राह्यला असता काय रे?"